शुद्धीवर असल्याचा दाखला

मी, शीला मल्हारराव देवकाते, वय वर्षे एकसष्ट, धंदा परिचारिका (निवृत्त), राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. वकील बद्रीनाथ यांच्या टायपिस्टने धंद्याच्या रकान्यात मला न विचारताच 'घरकाम' टाकलं होतं. ते खोडून मी हाताने दुरुस्ती केली आहे व बाजूला सही केली आहे. खाडाखोड दिसते. दिसू द्यावी.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यातून बहुतेक माणसं उठतात. जी उठली नाहीत त्यांच्या तोंडावर मी स्वतः चादर ओढलेली आहे. म्हणून हे आत्ताच लिहिते.

कलम १. घर.
पुंडलिकनगरातलं दोन खोल्यांचं घर, वरच्या गच्चीसह, माझ्या पगारातून बांधलेलं असून स्वकष्टार्जित आहे. वडील मल्हारराव मेंढरं राखत. त्यांनी मला शिकू दिलं, तेवढं त्यांच्याकडून पुष्कळ झालं. हे घर माझ्या पश्चात माझी भाची श्रेया हनुमान देवकाते हिच्या एकटीच्या मालकीचं होईल.

श्रेयाने नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा केला आहे आणि ती एका खाजगी दवाखान्यात नोकरी करते. तिला पुढे डिग्री करायची आहे. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ हनुमान, वाळूजला कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, "पोरीला उजवून टाकू आता. डिग्री करून काय व्हनार? शेवटी सिस्टरच ना?" दिवाळीत श्रेयाने मला एकटीला गाठून विचारलं, "आत्या, करू का गं डिग्री? तू तर समदं केलंस." मी चहा ओतत राहिले.

वकिलांनी सुचवलं, डिग्री पूर्ण केली तरच घर, अशी अट घालता येईल. मी घातली नाही. का ते पुढच्या कलमात आहे.

कलम २. शिक्षण. (यात वाटण्यासारखं काही नाही, तरी लिहिते.)
एएनएम हा नर्सिंगचा सगळ्यात खालचा कोर्स करून मी खेड्यातल्या उपकेंद्रावर लागले, तेव्हा ऐकवलं गेलं, जीएनएम नसेल तर तुम्ही नर्स कसल्या. जीएनएम केलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आले, तर इथं डिग्रीवाल्या वेगळ्या आणि डिप्लोमावाल्या वेगळ्या. ड्युटीरूममध्ये चहाचे थर्मासही दोन होते. चाळिशीत रजा काढून डिग्री केली. परत आल्यावर दुसऱ्या थर्मासातला चहा मिळाला. काम तेच, पगार तोच, आणि मीटिंगमध्ये आता एम.एस्सी.वाल्यांचं कौतुक सुरू झालं होतं. राउंडला डॉक्टर आधीही म्हणत आणि नंतरही म्हणत, "सिस्टर, फाइल धरा."

शिकल्याचा मला पश्चात्ताप नाही. इतकी वर्षं जे करत होते ते का करत होते, हे मला डिग्रीच्या वर्गात कळलं. वर्गातून बाहेर पडताना मी एकटीच हसायची. ते सुख खरं होतं, पण बाहेर कोणाला त्याची गरज पडली नाही. याचं मला दुःख व्हायला हवं. होत नाही. भूल दिलेल्या जागेवर हात ठेवला की दाब कळतो पण दुखत नाही, तसं आहे.

तेव्हा श्रेया, हे घर तू शिकावंस म्हणून देत नाही, शिकू नयेस म्हणूनही देत नाही. जिथून तुला कोणी उठवणार नाही अशा जागी बसून तुझं तू ठरव. दिवाळीत विचारलंस त्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

कलम ३. ठेव.
पोस्टातली ठेव हनुमानला. त्याने घरावर हरकत घेऊ नये म्हणून ही लाच आहे, असं कोणी समजलं तर माझी ना नाही. वडिलांची घोंगडीही त्यालाच द्यावी. नाइट ड्युटी आहे म्हणून माझी स्थळं परत जायची आणि आई कस्तुराबाई मला बोल लावायची, तेव्हा एवढासा हनुमान मध्ये पडायचा. "तिला करू दे तिचं काम," म्हणायचा. आपल्या पोरीच्या वेळी तो हे विसरला. मी विसरलेले नाही.

कलम ४. किरकोळ.
बीपीचं मशीन शेजारच्या सारजाबाईंना द्यावं. त्या ते वापरायला शिकल्या आहेत. सकाळी गल्लीतली माणसं बाही सरकवून माझ्या दारात बसतात, ती त्यांच्या दारात बसतील. पांढरे युनिफॉर्म चांगल्या सुती कापडाचे आहेत, फरशी पुसायला वापरावेत. यात राग नाही. भिंतीवरच्या तीन प्रमाणपत्रांच्या खिळ्यांवर गणपतीत लाइटची माळ छान बसते, तेव्हा खिळे काढू नयेत. निवृत्तीच्या दिवशी दोन्ही थर्मासवाल्यांनी मिळून मला तिसरा थर्मास दिला होता. तो श्रेयाने ड्युटीवर न्यावा.

कलम ५. द्वारका.
तो थर्मास खरं तर मी गारखेड्याच्या द्वारकाबाई औताडे हिला देणार होते. आम्ही एएनएमला एका खोलीत राहिलो. ती तिथेच थांबली, मी पुढे गेले. मी डिग्रीला निघाले तेव्हा ती म्हणाली, "जा बाई, मोठी हो. पेशंटचं भांडं मंग आमीच उचलू." मी म्हणाले, "तुमच्यासारख्या थांबतात, म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही." त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं बोललो नाही. बरोबर कोण होतं, हे अजून ठरलेलं नाही. ऑपरेशनचं कळल्यावर पहिली आली ती तीच, हातात डबा घेऊन. आल्या आल्या भांडण थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकील म्हणतात. थर्मास की साक्ष, असं विचारल्यावर द्वारकाने साक्ष घेतली.

कलम ६. दाखला.
वकील म्हणाले, "मॅडम, उद्या भावानं हरकत घेतली तर तुम्ही शुद्धीवर होता, ह्याला डॉक्टरचा दाखला पायजे." मी म्हटलं, साक्षीदारांत एक नर्स आहे. ते म्हणाले, "नर्सचं कोण ऐकतंय कोर्टात?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी उभा जन्म पेशंटच्या कागदावर लिहीत आले: शुद्धीवर आहे, नाव सांगतो, जागा ओळखतो. खाली डॉक्टर सही करत. माझ्या स्वतःच्या वेळी तरी डॉक्टरच्या सहीवाचून व्हावं, असं फार मनात होतं. पण हरकत टिकली तर घर जाईल, आणि घर गेलं की श्रेयाला बाप सांगेल ते करावं लागेल. म्हणून दाखला घेतला.

तो डॉक्टर सुयश यांनी दिला. त्यांनी माझ्याच वॉर्डात इंटर्नशिप केली होती. साध्या साडीत त्यांनी मला ओळखलं नाही. "मावशी, आज वार कोणता?" असं प्रेमाने विचारलं. मी वार सांगितला. ओळख दिली नाही. दाखला सोबत जोडला आहे. मला काही वाटलं नाही.

द्वारका शेजारी बसली होती. बाहेर आल्यावर वकिलांना म्हणाली, "त्येनं दिला दाखला. आता मी बी देते. साक्षीदाराला सहीखाली चार ओळी लिहिता येत्यात का नाय?" ते म्हणाले, "लिहा की, कोण अडवतंय." म्हणून तिच्या सहीखाली जागा सोडली आहे. ती जे लिहील ते मी वाचणार नाही.

वरचा मजकूर मात्र मी स्वतः वाचला, समजून घेतला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

लिहून ठेवणार: (सही) शीला मल्हारराव देवकाते
ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६, बुधवार

साक्षीदार
१. (सही) सुदर्शन गोकुळ तुपे, धंदा नोकरी, राहणार पुंडलिकनगर.
२. (सही) द्वारकाबाई तात्यासाहेब औताडे, धंदा नर्स (एएनएम), राहणार गारखेडा.

शीला शुद्धीवर हाय. नाव, वार, गाव बरोबर सांगितलं. हात थरथरत नाय. नाडी जराशी जलद. सही करताना डोळ्यातून पाणी आलं, त्याचा डाग सहीच्या बाजूला पडलाय. तिला कळलं नाय, म्हणून मी लिहून ठेवते.