वीजबाईचा आवाज

अप्पा, परवा मी आपला सिनेमा पुन्हा पाहिला. बीडमध्ये, भरल्या हॉलमध्ये, तिकीट काढून. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या विषयावर आपण शेवटचं बोललो त्याला तर त्याहून जास्त. बोललो म्हणजे भांडलो. आजही मला भांडायचंच आहे. फक्त आता मधेच उठून बाहेर जायला तुम्ही नाही.

लोकांना या सिनेमाचं एवढं वेड का, ते तुम्हाला कळलंच नसतं. तुम्ही तो अगदी गंभीरपणे काढला होता. दिंद्रुड गावातला तुमचा फोटो स्टुडिओ, लग्नाच्या शूटिंगचा एकुलता एक कॅमेरा आणि डोक्यात वीजबाई: शाळकरी मुलीचा विजेच्या डीपीला हात लागतो, तिच्या अंगात वीज शिरते आणि गावाचा उजेड गिळणाऱ्या राक्षसाशी ती एकटी लढते. वीजबाई मी, राक्षस म्हणजे आपला बँडवाला. मारामारीतही त्याच्या मनगटावरचं घड्याळ सुटत नाही. थर्माकोलचा धोंडा माझ्या डोक्यात बसतो, उडतो आणि वाऱ्याने उसात जातो. राक्षस लढाई सोडून त्याच्यामागे पळतो, आणि ते तुम्ही कापलं नाहीत. मी आकाशात उडते ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधलेल्या बाजेवर पालथी पडून. पाठीवर मंडपाचं लाल कापड, त्यावर मंडपवाल्याचं नाव उलटं. आजची पोरं या सगळ्यावर जीव टाकतात, मोबाइलवर तुकडे काढून एकमेकांना पाठवतात. त्यात कुणी नाटकीपणा करत नाही ना, सगळे जीव तोडून करतात आणि सगळं फसतं. मलाही ते फार आवडतं, अप्पा. आवडतं म्हणूनच जास्त राग येतो.

तो उन्हाळा मला अजून लख्ख दिसतो. मी नुकतीच आठवीची परीक्षा दिलेली. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी भिंतीला टेकून संवाद म्हणतेय आणि तुम्ही दारात उभे आहात. "गळ्यातून न्हाई, आतून बोल," तुम्ही म्हणता. "तुज्या आवाजात लई दम हाय. काढ भाईर." मी अशी ओरडते की आई दचकते, तव्यावरची भाकरी करपते आणि तुम्ही पोट धरून हसता. तोवर माझ्या आवाजाबद्दल मला एकच गोष्ट सांगितली गेली होती, हळू बोल. शाळेत तेच, घरी तेच. तो आवाज हवा असलेले तुम्ही पहिले. मग काय, पुढचे दोन महिने मी उसाच्या फडात, विहिरीवर, जिथे म्हणाल तिथे ओरडले.

दिवाळीच्या आधी तुम्ही तीन दिवस औरंगाबादला गेलात. म्युझिक जोडायचं राहिलंय म्हणालात. मलाही न्या म्हणून मी मागे लागले, तर "तुजी परीक्षा हाय" म्हणून टाळलंत, आणि येताना माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणलीत. मी ती वर्गभर मिरवली. आता विचार येतो, दुकानात उभं राहून ती निवडताना तुम्हाला काय वाटत असेल.

शाळेच्या हॉलला मंडपाची कापडं लावून भरदुपारी अंधार केला होता. पहिल्या रांगेत मी, पाठीवर तेच लाल कापड बांधून. पडद्यावर मी डीपीपाशी आले, तोंड उघडलं आणि दुसरीच कुणीतरी बोलली. बारीक, गोड, शहरी आवाज. माझे ओठ थांबले तरी तिचं वाक्य चालूच होतं. वर्गातल्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी वळून तुम्हाला शोधलं. तुम्ही सिनेमा दाखवायच्या मशीनपाशी होतात आणि मान खाली घालून मशीनकडेच बघत होतात. ही चूक नाही, हे मला तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "माजा आवाज कावून काढला?" तुम्ही म्हणालात, "माइक खराब होता. आवाज आलाच न्हाई तुजा. आन् आता तमाशा करू नको, लोकांनी टाळ्या वाजवल्या ना?" मी ते मानलं. मानायचं ठरवलं. तुमच्या तेराव्यानंतर स्टुडिओचं कपाट आवरताना आईने सहज सांगून टाकलं, "आवाज चांगला आलता गं. त्यांलाच लाज वाटली. म्हनले, आपल्या बोलन्याला लोक हसतील. म्हनून औरंगाबादच्या पोरीकडून बोलून घेतलं." मी म्हटलं, आणि तू? "मलाबी तसंच वाटलं," आई म्हणाली आणि कपाटातली धूळ पुसत राहिली.

तुम्ही मला फसवलंत, अप्पा. उसात पळणाऱ्या धोंड्याची तुम्हाला लाज वाटली नाही. राक्षसाचं घड्याळ चाललं, मंडपवाल्याचं उलटं नाव चाललं. एवढ्या सगळ्यात फक्त माझा आवाज चालला नाही.

परवा मला हॉलवर घेऊन गेली ती आमच्या डेपोतली नवी कंडक्टर. मी बसस्थानकावर नियंत्रक आहे, दिवसभर माइकवरून गाड्या पुकारते. वीजबाई म्हणजे मीच, हे तिला ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. तिथे एक वेगळाच प्रकार चालतो. पोरांनी माझे ओठ वाचून वाचून माझे मूळ संवाद शोधून काढलेत. पडद्यावरचा आवाज म्हणतो, "थांब दुष्टा, तुझा अंत जवळ आला आहे," आणि अख्खा हॉल त्याच्यावर ओरडतो, "थांब बे, आता कुटं पळतो!" अप्पा, शब्दन् शब्द बरोबर. शंभर-दोनशे माणसं, कुणीही कुचेष्टेने हसत नव्हतं. तुम्ही ज्याला भ्यालात, तेच त्यांना हवं होतं. मला रडू आवरेना.

"ताई, तुमीबी ओरडा की!" कंडक्टर म्हणाली. पुढचा संवाद आला तशी मी उठून उभी राहिले आणि सगळा जोर लावून ओरडले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर टाळ्या पिटत म्हणाली, "अगं बाई, सेम सिनेमातल्यासारका आवाज काढला तुमी!" सगळा हॉल माझं बोलत होता, आणि माझ्या तोंडून त्या औरंगाबादच्या मुलीचं वाक्य निघालं होतं, तिच्याच आवाजात.

तुम्ही स्टुडिओत गेलात की मी घरी सीडी लावून तिच्यामागे तिच्यासारखं बोलत बसायची. पुढे कित्येक वर्षं. माइकवरून गाड्या पुकारते तो आवाजही तिचाच आहे, लोक त्याचं कौतुक करतात. हे पत्र मी कपाटात ठेवून देणार आहे, तुमच्या फोटोपुढेसुद्धा वाचणार नाही. तुम्ही होतात तोवर तिचा आवाज मी उचललाय हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं.