माफ केलेल्या दोन जावा

प्रिय कुसुममावशी,

तुला मयुराचा जयभीम. गुडघे कसे आहेत? काटोलच्या उन्हात अजूनही संत्र्याच्या बागेला फेऱ्या घालत असशील, तर गुडघ्यांच्या वतीने मी निषेध नोंदवते. मी बरी आहे, म्हणजे वजन वाढलंय आणि पीएचडी तिथेच आहे.

माझा विषय तू नेहमी विसरतेस (आईही विसरते, शेजारी 'पोरगी चर्चवर काहीतरी करून राहिली' एवढंच सांगते), म्हणून पुन्हा सांगते: ख्रिस्ती श्रद्धा आणि क्षमावृत्ती यांचा मानसशास्त्रीय अभ्यास. रोजच्या प्रार्थनेत क्षमा करायला शिकवलं, तर मनातला राग खरंच कमी होतो का, असा तो गंभीर प्रश्न. परदेशात यावर ढीगभर संशोधन झालंय. नागपुरात मी आहे. म्हणून गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली जाऊन बसले.

पहिल्याच आल्या गायनमंडळाच्या पुढारी प्रेमिलाबाई आणि त्याच मंडळातल्या त्यांच्या जाऊबाई, सरिता. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या, मध्ये मी. चष्मे दोघींचेही घरी, म्हणून प्रश्नावलीतली विधानं मीच मोठ्याने वाचली. मला दुखावणाऱ्याचं भलं व्हावं असं वाटतं: दोघी पूर्ण सहमत. त्या व्यक्तीविषयी मनात राग उरलेला नाही: दोघी पूर्ण सहमत. मावशी, मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. त्या भरात शेवटचा प्रश्नही विचारून टाकला (जो एकेकीला बाजूला घेऊन विचारायचा असतो): उत्तरं देताना कोण डोळ्यांपुढे होतं?

दोघींनी एकमेकींकडे बोट केलं.

प्रेमिलाबाई मला म्हणाल्या, "हिनं मले माफ केलं? काहून? मी काय केलं?"

तिकडून सरिताबाई, त्याही मलाच, "हिले विचार, नाताळात माह्या करंज्या पादरीबाईसमोर कोरड्या कोणं म्हटल्या?"

"कोरड्याच होत्या. अन् तीन वर्षं अबोला कोणं धरला?"

राग कोणालाच नव्हता गं. आपल्याला माफ केलं गेलं, एवढंच सहन होत नव्हतं. पाळकसाहेब धावत आले आणि एकमेकींना क्षमा करा म्हणाले. दोघी एका सुरात म्हणाल्या, ते तर कधीच केलं, तोच तर घोळ आहे.

मी रडकुंडीला आले. कागद गोळा करायला लागले. ते पाहून दोघी एकदम माझ्यावरच घसरल्या: सकाळपासून काही खाल्लंस का, असले प्रश्न कोणी विचारतं का, लग्न झालंय का. हाताला धरून हॉलमध्ये नेलं, पुढ्यात पोहे ठेवले, आणि प्रेमिलाबाई माझ्या डोक्यावरून म्हणाल्या, "सरिता, तिले तर्री वाढ वं."

सरिताबाईंनी वाढली. मग न विचारता प्रेमिलाबाईंच्या बशीतही वाढली. तीन वर्षांतलं पहिलं बोलणं, तेही तर्रीचं. मला जोरात ठसका लागला (कशाने, ते प्रबंधात लिहिता येणार नाही).

गाईड म्हणतात, या दोघींची उत्तरं बाद. मी म्हटलं, बाद तर बाद.

तुझी लाडकी,
मयुरा

ता. क. येत्या शनिवारी मुक्कामाला ये. आई म्हणते, तिने तुला माफ केलंय. (कशाबद्दल, ते निदान जेवण होईपर्यंत विचारू नकोस.)

ता. क. २. आपण होऊन फोन करणार नाही, असं ती म्हणते. तूही तेच म्हणतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

ता. क. ३. आज आईने पाहुण्यांची गादी गच्चीवर उन्हात टाकली. विचारलं तर म्हणते, ढेकूण झाले.