संगणक-भाषेचे पहिले पुस्तक घरी नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल,
सोल्गे नगर वाचनालय,
दक्षिण ग्योंगसांग प्रांत.

विषय : पहिली संगणक-भाषा शिकण्यासाठी खरोखरच पहिल्या पायरीचे पुस्तक मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कर्मचारी कु. बांग से-रिन यांच्याशी काउंटरवर झालेले बोलणे.

महोदय,

मी, प्यो कांग-मुन, फेरीबोटीवरचा सेवानिवृत्त तांडेल, सविनय कळवितो की,

१. आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात कराओकेचे यंत्र एकच असून, श्रीमती मेंग बोक-सुन यांच्या हाती माईक लागला की जेवणापर्यंत सुटत नाही. सबब, गाण्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम मी स्वतः तयार करीन, असे सर्वांसमक्ष बोलून बसलो.

२. कु. बांग यांनी, "आजोबा, हे अगदी नवशिक्यांसाठी आहे," म्हणून एक पुस्तक दिले. त्यातील पहिलेच वाक्य : 'सर्वप्रथम टर्मिनल उघडा.' त्यानुसार मी सकाळीच बसच्या टर्मिनलवर हजर झालो. ते आधीच उघडे होते. तेथील कर्मचाऱ्यास पुस्तक दाखविले असता त्याने ते नीट वाचून मला चौकशी खिडकीकडे धाडले. खिडकीतून बुसानच्या बसचे वेळापत्रक मिळाले. टर्मिनल म्हणजे संगणकाला हुकूम टाइप करण्याची पडद्यावरची चौकट, हे नंतर कळले.

३. दुसरे पुस्तक बालविभागातील. ते घरी नेता येत नसल्याने बालखुर्चीत बसून वाचले. सर्व समजत होते. परंतु उठताना खुर्चीही सोबत उठली. "आजोबा, श्वास सोडा!" असे ओरडत कु. बांग यांनी ती ओढून काढली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. तेथे पुन्हा जाण्याचे धैर्य मजजवळ नाही.

४. कॉफीच्या दुकानातील दोन तरुण अभियंत्यांना, पहिली भाषा कोणती घ्यावी, असे विचारले. दोघांनी दोन सांगितल्या. आता ते वेगवेगळ्या टेबलांवर बसतात.

५. दरम्यान, "काय हो तांडेल, मिळाली का बस?" असे मला हिणवून श्रीमती मेंग स्वतः बालविभागात गेल्या. अंगाने बारीक असल्याने त्यांना ती खुर्ची होते. त्यांनी प्रोग्राम तयारही केला. त्यानुसार पहिली पाळी त्यांची, मग इतर कोणाचीही, मग पुन्हा त्यांची. तक्रार केल्यास, "यंत्र ठरवतं हो, मी कोण?" म्हणतात. माझी पाळी अद्याप आलेली नाही.

६. अखेर मान खाली घालून मी त्यांनाच शिकविण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "शिकवते की! पण प्रत्येक धड्याआधी माझं एक गाणं ऐकायचं. पूर्ण."

पहिला धडा उद्या सकाळी आहे. तरी बालविभागातील सदर पुस्तक मला आजच घरी नेऊ द्यावे.

आपला नम्र व घाईतील वाचक,
प्यो कांग-मुन
दि. ११ नोव्हेंबर