लाल्याचा डावा डोळा

आष्टी, १२ जानेवारी २०२५

चि. शीतलला मावशीचे आशीर्वाद.

लाल्याचं चित्र एस.टी.च्या पार्सलनं आलं, अन् तसंच परत पाठवून राह्यले. हा कुणाचा कुत्रा काढलास ग? आमच्या लाल्याचा डावा डोळा पांढरा होता. हे सोंग दोन्ही डोळे वटारून बसलंय, जसं काही लगीन जमवायचंय! तो गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून तुला चित्र सांगितलं. पेटी उघडली अन् डोकंच फिरलं. शेजारची मोनाली म्हणाली की किती देखणा आलाय, तर तिलाही बोलले.

माया आहेच, पण हे चित्र नको.
तुझी मावशी, नंदा

जालना, १६ जानेवारी

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

माझ्यावर काय चिडतेस? मी आले तेव्हा लाल्या पिल्लू होता, दोन्ही डोळे धड होते. काकांना मी बजावलं होतं, की फोटो सावलीतला हवा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला, अन् स्टुडिओवाल्याचा हात न लागलेला. त्यांनी पाठवला तो घासूनपुसून, मागं बर्फाचे डोंगर! आता फोनवर जाब विचारला तर म्हणाले, की मेलेल्या माणसाच्या फोटोला कोट चढवतात, मंग कुत्र्याला डोळा दिला तर काय बिघडलं. अन् फोन ठेवून दिला. संताप झाला नुसता!

खरा फोटो पाठव. डोळा कशानं गेला तेही लिही, म्हणजे व्रण नीट काढता येईल.

राग उतरला की ये.
तुझी शीतल

आष्टी, २० जानेवारी

चि. शीतलला आशीर्वाद.

मोनालीच्या मोबाईलवरून फोटो टाकलेत. उन्हातले सोड, गोठ्याच्या दारातला घे. त्यात भुवईपासून गालापर्यंतचा व्रण बराबर दिसतो.

कशानं गेला म्हणतेस? तुझ्या काकांनी तांब्या फेकून मारला. जेवताना लाल्या ताटाजवळ आल्ता, एवढाच त्याचा गुन्हा. गावभर सांगितलं की बाभळीचा काटा लागला. तरी ते बिचारं मरेपर्यंत ह्यांच्याच मागं शेतात जायचं. काल तोंडावर विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, की तो डोळा भिंतीवर रोज बघवणार न्हाई. मला बिलकुल दया आली न्हाई.

तू जसा होता तसा काढ, अन् जल्दी पाठव. ह्यांच्या जेवायच्या पाटासमोर मी आजच खिळा ठोकलाय.

तुझी मावशी, नंदा