सात रिकाम्या डब्या

४ मार्च
आजपासून रोज लिहायचं. चौथी शिकलेय, हात बसला की येईल. हूकवर्म जंतांवरच्या लसीच्या रिसर्चला लागले. डॉक्टरीणबाई लस टोचतात. माझं काम डब्यांचं. टोचलेल्यांच्या घरी रिकामी डबी द्यायची, सकाळी शी भरलेली आणायची. बाई त्यात जंतांची अंडी बघतात. माझ्या भागात एकवीस माणसं. खरं काम माझंच, टोचणं काय कोणीही करेल.

लस लागू पडली की पहिली आमच्या लेकीला. तिच्या अंगात जंतांनी पिऊन पिऊन रक्त ठेवलेलं नाही. गोळ्यांनी पडतात, पण ही चिखलात अनवाणी भाजी खुडते, पायातून परत शिरतात. रक्त कमी म्हणून बाईंनी यादीत घेतलीच नाही.

५ मार्च
लेकीला सांगितलं, वर्षाच्या आत तुला लस. म्हणाली, आई, तू डब्या उचलतेस. लक्ष दिलं नाही.

११ मार्च
नऊच डब्या. बाई म्हणाल्या, गोडीने मागा. मी गोडच बोलते.

१२ मार्च
शिंपिणीशी गोड बोलले. म्हटलं, खातेस ते जातं कुठे? तिनं दार लावलं. आतून म्हणते, तूच भर नि तूच मिरव.

१४ मार्च
चौदा झाल्या. सातजण नुसते उद्या उद्या करतात. लोकांना स्वतःचं भलं कळत नाही.

१५ मार्च, सकाळी ६
आठला गाडी येणार. शिंपीण भांडकुदळ, पण बोलली ते खोटं नाही. माणसं सगळी सारखीच, पोटात काय वेगळं असणार? ऐन वेळी मला काही होईना. लेकीला उठवलं. तिच्या एका डबीतून सात डब्या केल्या. वर नावं सुवाच्य अक्षरात. संध्याकाळी: बाई म्हणाल्या, शाब्बास.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. चौदाजणांत अंडी नावाला. सातजणांत बुजबुजाट, लस टोचूनसुद्धा. बाईंनी दोनदा विचारलं, डब्या त्यांच्याच ना? म्हटलं, नावं वाचा की. संशय घ्यायचा तर घरी बसते.

९ एप्रिल
सांगून टाकायचं ठरवलं. गेले. बाई फोनवर होत्या. उद्या रविवार. सोमवारी नक्की.

१३ एप्रिल
टेन्शनमुळे जमलं नाही. बाईंनाही वेळ नसतो.

१८ एप्रिल
वरून माणसं आली. तिघांत एकाला लागू पडत नाही ती कसली लस, म्हणाले. काम बंद. बाई खोकी भरत होत्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, तुम्ही मात्र एकही डबी चुकवली नाहीत. तोंड उघडलं. काही म्हणताय का, त्यांनी विचारलं. म्हटलं, खोकं जड आहे, एका बाजूने धरते.

२० एप्रिल
लेक म्हणाली, माझी डबी कामाला आली का गं? आली म्हटलं. खूश झाली. उठून बसायला गेली, जमलं नाही.