चिंचेवरचे कडे

निघोजे,
३ मार्च १९५८

चि. ज्योतीराम यास अक्काचे आशीर्वाद.

दिवाळीला आला नाहीस, संक्रांतीलाही नाही. दर वेळी मॅच. आबांना बसल्याजागी दम लागतो. तरी यात्रेत तू बास्केटबॉल खेळून दाखवणार, असे गावभर सांगून बसले आहेत. विहिरीवर इंजिन आल्यापासून मोट पडून आहे. तिच्या तोंडाचे लोखंडी कडे काढून चिंचेवर ठोकणार म्हणतात. तालमीतले म्हातारे चिडवतात, की गेनबा पैलवानाच्या पोटी चेंडू फेकणारा निघाला. आबा म्हणतात, त्याचाच त्याला पगार मिळतो, तुम्हांला नुसते नारळ मिळाले.

कडे किती उंच हवे ते कळव. जेवत जा.

तुझी
अक्का

पिंपरी,
१० मार्च १९५८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

कडे दहा फुटांवर असते. पण ठोकू देऊ नकोस.

मी आता खेळत नाही. आषाढात उडी मारून उतरताना गुडघा फिरला. फौजेतून कंपनीने मला खेळासाठीच आणले होते. आता गेटवर बसवले आहे. मैदानाकडे जाणारे लोक नावाने हाक मारतात, मग पायाकडे बघतात. आबांनी तसे बघितलेले मला सोसणार नाही. त्यांना सांग, दिल्लीला सामने आहेत.

राग धरू नकोस.

तुझा
ज्योतीराम

निघोजे,
२० एप्रिल १९५८

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

आबांचा दहावा उरकून तू तसाच गेलास. विहिरीकडे फिरकला नाहीस, म्हणून लिहिते.

कडे चिंचेवर आहे. ते ठोकताना इंजिनवाला भैरू हसला, की एवढ्या खाली तर म्हैसही चेंडू टाकील. मीही दहा फूट म्हणाले. आबांनी ऐकले नाही. चिंचेला पाठ लावून हात वर केला आणि बोटांच्या टोकाशी खूण करायला लावली. म्हणाले, टाच न उचलता त्याचा हात पोचला पाहिजे.

तेव्हाच त्यांनी मला सांगितले, की भाद्रपदात ते पिंपरीला येऊन गेले होते. गेटवर तुला चालताना त्यांनी रस्त्यापलीकडून पाहिले आणि न भेटताच परतले. पैलवानाला गुडघा कोणी सांगावा लागत नाही, म्हणाले. तुला कळवू का विचारले, तर नको म्हणाले. त्याचा तो येईल. यात्रेच्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चिंचेखाली बसून होते.

भैरू कडे भंगारात मागतो. मी अजून दिलेले नाही.

माया आहे तशीच आहे.

तुझी
अक्का