अक्काची जाळलेली वही

प्रिय अक्का,

काल दुपारी तुझी सिंधू हसली, म्हणून आज हे पत्र लिहून राह्यले. तू गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, पोर माझ्यापाशी जवळजवळ मुकीच होती.

आधी एक कबुली देते. तुझी गोष्टींची वही मी चुलीत घातली. हसनाबादेत निजामाच्या पोलिसांच्या झडत्या सुरू झाल्या होत्या. घरात कागद दिसला की आधी माणूस धरायचे, वाचायचे मागून. मी घाबरले. तू खोकत खोकत लिहिलेली पानं एकेक फाडून जाळली अन् सिंधूला घेऊन वऱ्हाडात आत्याकडं गेले. रागावलीस का गं?

तिथं आठवून आठवून तुझ्या गोष्टी पुन्हा लिहायला बसले. जमेनात. प्रत्येक वाक्यात मीच रडत होते.

मंग तो दिवस आठवला. माझं बाळ गेलं तेव्हा तू माझ्या हातात दौत-टाक दिला होतास. मी लिहिलं, ‘माझ्या दुःखाला पार नाही.’ तू बाजेवर पडल्या पडल्या वाचलंस.

“गोदे, दुःख हा शब्द खोड. त्या दिवशी शेजारणीनं काय आणून दिलं?”

“पिठलं. अन् त्यात मीठच न्हाई.”

“मंग तेच लिही.”

लिहिलं. रडले, अन् त्या अळणी पिठल्यापाशी हसूही आलं. तूही हसलीस, खोकला येईपर्यंत. स्वतःला उठून बसता येत न्हवतं, तरी दुसऱ्याला हसवायचं बळ कुठून आणायचीस? कधी सांगितलं न्हाईस मला.

तसंच लिहीत गेले. अकरापैकी नऊ गोष्टी झाल्या. पण त्या तुझ्या आहेत का माझ्या, हा घोर जाईना.

निजामाचं राज्य गेलं, आम्ही घरी आलो. काल सिंधूला मास्तरांच्या टोपीची गोष्ट वाचून दाखवली. “शेळीनं टोपी खाल्ली,” एवढं म्हणाले, तोच ती बोलली, “न्हाई मावशी. आधी गोंडा खाल्ला. मंग टोपी. आई तसंच सांगायची.”

अन् हसली, बिलकुल तुझ्यासारखी, तोंडावर हात ठेवून.

अक्का, छातीवरचा धोंडा उतरला बघ. तुझ्या गोष्टी तू एकट्या वहीत ठेवल्याच न्हवत्यास. मी उगीच इतके दिवस मनात कुढत बसले.

तेवढ्यात सिंधू स्वतःच्या मनानंच पुढची गोष्ट सांगायला लागली. म्हणे, ती शेळी जालन्याला गेली, आगगाडीत बसली, अन् तिकीटही खाल्लं. मला वाटलं, म्हणावं, शेळीला कोण गाडीत बसू देईल? पण जीभ आवरली.

उद्यापासून तिला अक्षरं शिकवते. अन् शब्द देते, तिची गोष्ट कितीही वाकडी गेली तरी मी मधे बोलणार न्हाई.

तुझीच,
गोदा